आधी नवसागर, मग मासे

नेरूळच्या आमच्या हॉलमध्ये एक काचेचा टँक आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाला वाळू, मागच्या बाजूला दोन दगड, कोपऱ्यात स्पंजचा साधा फिल्टर. फिल्टरमधून चोवीस तास बुडबुडे येतात, आणि रात्री घर शांत झालं की तो आवाज बेडरूमपर्यंत पोचतो. टँकमध्ये मासा मात्र एकही नाही. महिना उलटून गेला तरी नाही.

घरी येणारा प्रत्येक जण टँकपाशी वाकतो, एकदा डावीकडून बघतो, एकदा उजवीकडून, आणि विचारतो, "कुठे लपलेत?" मी सांगते, अजून आणायचेत. मग लोक माझ्याकडे बघतात. आईने तर दुसऱ्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला होता, "दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून हिचं हे असं झालंय. पाणी पाळलंय."

तिचं तसं बरोबरच होतं. मी पाणीच पाळत होते. त्याचं कारण सोळा वर्षांपूर्वीचं आहे.

सातवीत असताना शाळेची सहल मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. 1951 साली सुरू झालेली ती जुनी इमारत, आत अंधार, आणि अंधारात उजळलेल्या काचा. मुंबई-नवी मुंबईत वाढलेल्या किती पिढ्यांनी पहिला जिवंत रंगीत मासा तिथेच पाहिला असेल. मी घरी आले ती हट्ट घेऊनच. त्या रविवारी बाबांनी एक गोल काचेचं भांडं, मूठभर रंगीत खडे आणि दोन गोल्डफिश आणले. दुकानदाराने सांगितलं होतं, "आठवड्याने पाणी बदला, बाकी काही नाही."

तिसऱ्या दिवशी पाणी धुरकट झालं. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. चौथ्या दिवशी आईने सगळं स्वच्छ केलं. भांडं घासलं, खडे घासले, नळाखाली भरलं, मासे परत आत सोडले. एक त्याच रात्री गेला, दुसरा दोन दिवसांनी. इमारतीमागच्या कडुनिंबाखाली मी त्यांना पुरलं. दोन्ही वेळा खाणं मी टाकलं होतं, जरा जास्तच टाकलं होतं, त्यामुळे मारलं मीच, हे मी मनात पक्कं केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

यंदा पगार वाढला, घर थोडं मोठं घेतलं, आणि टँक घ्यायचं ठरवलं. पण या वेळी मासे आणण्याआधी मला ते दोन मासे कशाने मेले हे शोधायचं होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर कोसळला की आधी लॉग उघडतो. इथे लॉग नव्हता, म्हणून इतिहास उघडला.

मासा श्वास घेतो त्या कल्ल्यांमधूनच तो अमोनियाही बाहेर टाकतो. आपण लघवीवाटे जे काम करतो, त्यातलं बरंचसं तो कल्ल्यांवाटे करतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत हा अमोनिया वाहून जातो, विरतो. चार लिटरच्या भांड्यात तो जाणार कुठे? मासा स्वतःच्याच विषात पोहत राहतो. जुन्या, रुळलेल्या टँकमध्ये मात्र काही जिवाणू हा अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात आणि काही जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना घातक आहेत, तिसरं बऱ्याच प्रमाणापर्यंत चालतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते वाळूवर, दगडावर, स्पंजच्या छिद्रांत पातळ थर करून राहतात. नव्या कोऱ्या टँकमध्ये ते नसतात. त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अमोनिया मिळाल्याशिवाय ते वसतच नाहीत.

म्हणजे माशांनी यायच्या आधी त्यांची घाण यायला हवी. ती आणायची कुठून? चिमूटभर खाणं टाकून कुजू देता येतं. किंवा सरळ अमोनियम क्लोराइड विकत आणता येतं. मी शुद्ध, प्रयोगशाळेतल्या दर्जाचं मागवलं. डबीवरचं नाव आईने वाचलं, पांढरी पूड पाहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर नवसागर!"

लहानपणी त्यांच्या गावात कल्हईवाला यायचा. भट्टीवर पितळेचं पातेलं लाल होईपर्यंत तापवायचा, त्यात नवसागर टाकायचा, नाकात झोंबणारा पांढरा धूर उठायचा, आणि मग कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की आतून चांदीसारखं लखलखायचं. तो धूर तिला आजही आठवतो. इजिप्तमध्ये उंटांच्या शेणाच्या काजळीतून नवसागर काढत. आमोन देवाच्या देवळाजवळ मिळणारं मीठ म्हणून त्याला जे नाव पडलं, त्यातूनच पुढे 'अमोनिया' हा शब्द आला. माझ्या टँकमध्ये साधारण 50 लिटर पाणी बसतं. लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया हवा, तर नवसागर लागतो एक ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. तेवढा टाकला आणि पहिल्या दिवसाची नोंद केली.

आईला हे सगळं विचित्र वाटण्याचं कारण वेगळंच होतं. तिचं माहेर पेणजवळच्या खारेपाटातलं. तिथे खाडीतून जिताड्याची पिल्लं पकडून घराजवळच्या गोड्या तळ्यात सोडायची रीत आहे. जिताडा खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि गोड्या पाण्यात वाढतो, आणि जावई आला की तळ्यातूनच ताटात येतो. "आमच्या आजोबांनी कधी पाणी तयार नव्हतं केलं," आई म्हणाली.

नव्हतंच करावं लागलं. तळ्याच्या तळाशी कित्येक वर्षांचा गाळ होता. महाडकडे वाळण कोंडीत काळ नदीच्या डोहात लोक देवीचे मासे म्हणून मासे राखतात, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत महादेवाचे मासे राखतात. तिथल्या प्रत्येक दगडावर शेवाळ आहे, प्रत्येक खडकावर तो न दिसणारा थर आहे. जिथे नवं तळं खणतात, तिथे मत्स्यशेती करणारेही आधी तळ उन्हात वाळवतात, चुना टाकतात, शेण टाकतात, पाणी भरतात, ते हिरवट होऊ देतात आणि मगच बीज सोडतात. आधी पाणी, मग मासा, ही रीत जुनीच आहे. ती विसरली गेली मासा काचेच्या भांड्यात आला तेव्हा.

तो काचेत आला, त्याची गोष्ट लंडनची. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम करत. 1849 साली त्यांनी सुमारे 12 गॅलनच्या, म्हणजे अंदाजे 54 लिटरच्या काचेच्या भांड्यात झऱ्याचं पाणी भरलं, तळाला वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. माझ्या टँकएवढंच ते भांडं, आणि मासेही माझ्या सातवीतलेच. थोड्या दिवसांत झाडाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी न बदलता सगळं चालू राहिलं. 1850 मध्ये त्यांनी हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. प्राणी कर्बवायू सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते, दोघांचं प्रमाण जुळलं की पाणी टिकतं, असा त्यांचा सिद्धान्त होता.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची लाट उसळली. लोकांनी भांडं आणलं, झाड लावलं, मासे सोडले, आणि बऱ्याच घरांत मासे मेले. काही वर्षांत लाट ओसरली. वॉरिंग्टन यांचा सिद्धान्त चुकीचा नव्हता, अर्धा होता. त्यांच्या हिशेबात झाड होतं, मासा होता, गोगलगाय होती. चिखल मात्र हिशेबात नव्हता, आणि बरंचसं काम त्या चिखलातलं कुणीतरी करत होतं.

ते कुणीतरी शोधायला पाव शतक गेलं, आणि शोधाची वाट मत्स्यालयातून नाही, तर तोफेच्या दारूतून गेली.

बंदुकीची दारू म्हणजे कोळसा, गंधक आणि शोरा. आपल्या गडांवरची दारूकोठारं या तिघांनी भरलेली असत, आणि मुंबईत रे रोडजवळचा दारूखाना आजही त्या दारूचं नाव सांभाळून आहे. कोळसा आणि गंधक मिळवणं त्यामानाने सोपं. शोरा म्हणजे नायट्रेट, आणि तो मिळायचा गोठ्यातल्या मातीतून, जुन्या भिंतींच्या पायथ्याशी येणाऱ्या पांढऱ्या फुलोऱ्यातून. जिथे गुरांचं मूत मुरतं, तिथे काही महिन्यांनी शोरा उगवतो. बिहारमधले नोनिया लोक ही माती खरवडून, पाण्यात घोळवून, गाळून, आटवून शोरा काढत, आणि 17 व्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजं भरभरून युरोपात नेत. मुतातल्या अमोनियाचा शोरा होतो हे सगळ्यांना माहीत होतं. कसा होतो हे कुणालाच नाही. मातीतली काही रासायनिक क्रिया असेल, असं मानलं जाई.

1877 साली फ्रान्समध्ये श्लोएसिंग आणि म्यूंट्झ यांनी एका नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. खाली जे येईल ते रोज तपासलं. वीस दिवस काहीच झालं नाही. वर जेवढा अमोनिया, खाली तेवढाच. मग नायट्रेट दिसायला लागलं, आणि अमोनिया संपला. नुसती रासायनिक क्रिया असती तर ती वीस दिवस कशाची वाट बघत बसली? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी ती सुरू होईना. मग बागेतली माती धुतलेलं थोडं पाणी वरून ओतलं, आणि काही दिवसांत ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे काम करणारं कुणीतरी जिवंत होतं.

हे वाचलं त्या रात्री मी टँकपाशी बराच वेळ बसले. माझा तो दहावा दिवस होता आणि टेस्ट किटच्या नळीचा रंग तसूभरही बदलला नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी ते दोघेही रोज असंच तपासत असतील, आणि वीस दिवस त्यांनी नळी फेकून दिली नाही.

श्लोएसिंग-म्यूंट्झ यांचा प्रयोग वाचून इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रातला एक रसायनशास्त्रज्ञ लगेच कामाला लागला. पुढे दहा-बारा वर्षं तो याच एका प्रश्नामागे होता. ही क्रिया दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्प्यांचे जिवाणू वेगळे आहेत, हे त्याने दाखवलं. पण दुसरा जिवाणू त्याला वेगळा काढता येईना. जिलेटिनवर वाढवायला जावं, तर तिथे भलतेच जंतू माजत. 1890 साली सर्गेई विनोग्राडस्की यांनी झुरिकमध्ये या जिवाणूंना सेंद्रिय अन्न देणंच बंद केलं, नुसत्या क्षारांवर ठेवलं, आणि ते हाती लागले. त्या रॉथमस्टेडच्या माणसाचं नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या लंडनच्या वॉरिंग्टन यांचाच मुलगा. वडिलांनी भांड्यात दोन गोल्डफिश सोडले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या हिशेबातून सुटलेला चिखल मुलाने आयुष्यभर तपासला. वडील 1867 मध्येच गेले होते, त्यांना हे कळलं नाही.

याच काळात आपल्या मुंबईत जंतू हा शब्द फार वेगळ्या अर्थाने शिरत होता. 1896 साली मांडवीत प्लेग फुटला. लोक शहर सोडून पळाले, घरं चुन्याने धुतली गेली, आणि जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. जंतू म्हणजे मरण, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं आणि ते अजून आपल्या फिनेलच्या जाहिरातींत जिवंत आहे.

पण त्याच सुमाराला, त्याच शहरात, माटुंग्याला जंतूंना कामाला लावलं होतं. म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी 1890 मध्ये तिथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा केला होता. हे तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शालिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापले. आश्रमाचं सांडपाणी महापालिकेचे मलनिस्सारण अभियंता सी. सी. जेम्स यांनी बंद टाकीत सोडलं. आतल्या जिवाणूंनी मैला कुजवून त्याचा वायू केला, आणि तो वायू गोळा करून त्यावर दिवे लावले, इंजिन चालवलं. ते जिवाणू माझ्या टँकमधल्यांपेक्षा वेगळे, हवेशिवाय जगणारे. बायोगॅसच्या इतिहासात या माटुंग्याच्या टाकीचं नाव हमखास येतं. ज्यांना शहराने घाण म्हणून बाहेर काढलं होतं, त्यांच्याच दारात घाणीचा उजेड झाला.

अकराव्या दिवशी मी हे जेवताना सांगत होते. जंतू सगळेच वाईट नसतात, टँकमध्ये ते आणून वसवावे लागतात, दुसऱ्याच्या जुन्या टँकमधला मळका स्पंज पिळला तर लवकर वसतात, वगैरे. आई भाताला दही घेत होती. म्हणाली, "मग सरळ सांग ना, विरजण लावायचंय."

इतके दिवस वाचून मला जो शब्द सुचला नव्हता, तो हा. श्लोएसिंग आणि म्यूंट्झ यांनी बागेच्या मातीचं पाणी ओतलं तेही विरजणच. वॉरिंग्टन यांच्या भांड्यातला चिखल, आजोबांच्या तळ्यातला गाळ, तेही विरजणच. दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या एका मैत्रिणीकडून मी पिशवीत तिच्या फिल्टरचा ओला, काळपट स्पंज आणला आणि टँकमध्ये पिळला. पाणी तासभर चहासारखं दिसत होतं.

पंधराव्या दिवशी नायट्राइट दिसलं. नळीतला रंग जांभळा झाला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि माइक चालू होता. पुढचे दोन आठवडे ते चढतच गेलं. मग एका सकाळी उतरलं. अडतिसाव्या दिवशी रात्री नवसागराचा पूर्ण डोस टाकला आणि दुसऱ्या रात्री तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट भरपूर. टँक तयार होता. विज्ञान अजून थांबलेलं नाही. 2015 साली असे जिवाणू सापडले जे दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात, आणि त्यांतले काही मिळाले ते मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच.

त्या रात्री मी आईला सातवीतल्या माशांचं सांगितलं. खाणं जास्त टाकलं होतं, म्हणून मला वाटत आलं की मीच मारलं. खरं कारण असं, की भांडं नवीन होतं, अमोनिया साठला होता. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मोरबे धरणातून आपल्याकडे येणाऱ्या पाण्यात वाटेत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. आपल्यासाठी ते हवंच. पण ते माशांचे कल्ले भाजतं आणि आपल्याला हवे ते जिवाणूही मारतं. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं लागतं, किंवा त्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकावे लागतात. हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटत होतं, माझ्या साबणाने मेले. भांड्यांच्या साबणाने घासले होते खडे. तू रडत होतीस, म्हणून बोलले नाही."

सोळा वर्षं एका घरात दोघी जणी दोन माशांचा खून आपापल्या नावावर घेऊन बसलो होतो. साबणही थोडा कारणीभूत असेल, खाणंही असेल. पण त्या भांड्यात ते मासे जगण्याची शक्यता आम्ही काहीही केलं असतं तरी फार नव्हती. हे तिला पटवायला मला टेस्ट किटच्या नोंदींची वही दाखवावी लागली. तिने चष्मा लावून अडतीस दिवस वाचले.

शनिवारी निम्म्याहून जास्त पाणी बदललं, म्हणजे नायट्रेट खाली येईल. काढलेलं पाणी आईने वाया जाऊ दिलं नाही. शोऱ्याचंच पाणी ते, झाडांना खत. तिने ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. नवं पाणी आदल्या दिवसापासून बाल्कनीत बादल्यांत उभं होतं. संध्याकाळी सहा झेब्रा डॅनिओ आणले, आपल्याच देशातल्या ओढ्यांतले, बोटाच्या पेराएवढे. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली. मग आईने तिचं तोंड सोडलं, आणि खाणं उद्या सकाळी टाकायचं, तेही चिमूटभरच, असं मला बजावलं.